एकदाच विचारलेला प्रश्न

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल दिला आणि बाराच्या बारा आरोपी निर्दोष ठरले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये यांतल्याच पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. मोबाइलवर बातमी वाचली आणि माझ्या तोंडून निघालं, “सुटले? मग बॉम्ब काय आपोआप फुटले? ठेवले कोणी?”

दहा दिवसांनी, ३१ जुलैला, दुसरा निकाल आला. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावच्या भिक्खू चौकात स्फोट होऊन सहा माणसं गेली होती. त्या खटल्यातले सातही आरोपी मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयाने सोडून दिले. त्यांत प्रज्ञासिंह ठाकूर होत्या, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित होते. त्या दिवशी मी काय म्हणालो? खूप आठवून पाहिलं. काहीच म्हणालो नाही. जेवताना टीव्हीवर बातमी पाहिली, ताटातला भात संपवला, उठलो. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. आपल्यातल्या कोणाच्या माथी तो डाग नको, एवढंच मनाला हवं होतं आणि ते मिळालं होतं. मग भिक्खू चौकात बॉम्ब ठेवला कोणी? हा प्रश्न मला पडलाच नाही. पडला आणि मी तो दाबला, असं झालं असतं तरी थोडी लाज शिल्लक आहे असं म्हणता आलं असतं. पण तो आलाच नाही.

हे सगळं ‘समाजाची मानसिकता’ असं नाव देऊन मला लिहिता आलं असतं. पण मी समाजाबद्दल काय बोलणार? बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी उपनगरातल्या एका शांतता समितीत काम करतो. शाळांत, वस्त्यांत जाऊन मुलांशी आणि पालकांशी बोलतो. द्वेषाच्या प्रचाराला बळी कसं पडू नये, घरातलं पोर वाहवत चाललंय हे कसं ओळखावं, याबद्दल बोलतो. लोक ऐकून घेतात, चहा देतात, नमस्कार करतात. त्या नमस्काराची मला सवय झाली आहे, हेही इथेच कबूल करतो.

माझा २१ जुलैचा राग खोटा होता का? नव्हता. ११ जुलै २००६ ची संध्याकाळ पश्चिम रेल्वेने रोज जाणाऱ्या माणसाच्या अंगातून जात नाही. सहा वाजून चोवीस मिनिटांनी पहिला स्फोट, आणि अकरा मिनिटांत एकूण सात. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार-सांताक्रूझच्या मध्ये, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सगळे पहिल्या वर्गाचे डबे, सगळ्या चर्चगेटहून सुटलेल्या गाड्या. १८९ माणसं मेली, आठशेच्या वर जखमी झाली. मी त्या काळात पहिल्या वर्गाचा पास काढायचो. आमच्या रोजच्या गाडीत एक गृहस्थ खिडकीशी बसायचे. अंधेरी गेली की उठायचे आणि उभ्या असलेल्या कोणाला तरी म्हणायचे, “बसा, आता तुमची पाळी.” त्यांचं आडनावही मला ठाऊक नव्हतं. त्या मंगळवारनंतर ते पुन्हा दिसले नाहीत. ते गेले, की पाय गमावून घरी बसले, की नुसती गाडी बदलली? डब्यात कोणी कोणाला विचारलं नाही. विचारण्याची भीती वाटायची.

या दुःखाला मी फार लवकर चेहरे चिकटवले, इतकंच. पकडलेल्या माणसांचे फोटो पेपरात आले आणि माझ्यापुरता खटला तिथेच संपला. पुढची एकोणीस वर्षं मी शिक्षेची वाट पाहत होतो, निकालाची नाही. उच्च न्यायालयाने कबुलीजबाब, ओळख परेड, जप्त केलेला माल यातलं काहीच भरवशाचं मानलं नाही. आरोपींमधला एक जण तर निकाल यायच्या आधीच तुरुंगात मेला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा आधार इतर खटल्यांत घ्यायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. हे निकालपत्र मी वाचलं होतं का? नाही. मालेगावचं? तेही नाही. तरी एका ठिकाणी न्याय हरला आणि दुसऱ्या ठिकाणी न्याय झाला, हे मला दोन्ही वेळा बातमीचा मथळा वाचून कळलं होतं.

लक्षात आलं तेही माझं मला नाही. ऑगस्टमधल्या समितीच्या बैठकीत जोगेश्वरीचे एक निवृत्त मुख्याध्यापक बोलायला उठले. उर्दू शाळेत त्यांचा जन्म गेला, आम्ही त्यांना सर म्हणतो. ते म्हणाले, “पहिल्या निकालाच्या दिवशी मी दोन रकात नमाज जास्त पढलो. दुसऱ्या निकालाच्या दिवशी संतापलो, घरात कोणाशी धड बोललो नाही. मग रात्री झोप येईना. १८९ माणसं मेली होती. पहिल्या दिवशी मी त्यांच्याबद्दल विचारलंच नाही, की त्यांना कोणी मारलं.” एवढं बोलून ते बसले. माझी पाळी आली होती. मी मान डोलावली आणि म्हणालो, “सरांनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला.” त्यांनी स्वतःला उघडं केलं आणि मी त्यांना शाबासकी दिली. माझं जे सांगायचं होतं ते मी त्या खोलीत सांगितलं नाही. आता इथे सांगतोय.

त्या रात्रीपासून मी मागे जाऊन तपासायला लागलो. १९९२-९३ च्या दंगलीतलं मला काय काय आठवतं? राधाबाई चाळ. जोगेश्वरी, ८ जानेवारी १९९३, बाहेरून कडी लावून सहा जणांना जाळलं. तारखेसकट पाठ आहे. दुसऱ्या दिवशी, ९ जानेवारीला, सुलेमान उस्मान बेकरीत पोलीस शिरले. १० तारखेला वडाळ्याच्या हरी मशिदीत गोळीबार झाला. ही दोन नावं मला कधीपासून माहीत आहेत? त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल वाचला तेव्हापासून. आयोगाने तो १९९८ मध्ये सरकारला दिला. मृतांचा आकडा त्यात ९०० आहे, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. मी अहवाल हातात घेतला तेव्हा आधी कुठलं पान शोधलं, हे मला अजून आठवतं. राधाबाई चाळीचं. ती चाळ शोधणं चूक नव्हतं. तिथे मेलेल्यांचा हक्कच आहे आपल्या स्मरणावर. पण बाकीचं पुस्तक मी चाळलं, आणि ते पान वाचलं.

यात काय एवढं? प्रत्येकाला आपली माणसं आधी आठवतात. असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. मग भाच्याचं प्रकरण आठवलं.

मालवणीत आम्ही पालकांची बैठक घेतो. मालाड पश्चिमेची मालवणी, जिथे पत्ते गेट नंबरवरून सांगतात. २०१५ च्या शेवटी तिथून काही तरुण घर सोडून निघाले होते, आयसिसच्या नादाने. काही जण परत आणले गेले. त्याआधी मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर बगदादला गेले आणि तिथून गायब झाले. शिकलेली, चांगल्या घरची मुलं. त्यानंतर एटीएसपासून, म्हणजे दहशतवादविरोधी पथकापासून, शाळांपर्यंत सगळ्यांनी मुलांना आवरण्याच्या योजना आखल्या, आणि आमच्यासारखे लोकही बोलायला जाऊ लागले. मी एक यादी सांगतो. मुलगा जुने मित्र तोडतो का? रात्र रात्र फोनवर असतो का? घरातल्या मोठ्यांची श्रद्धा त्याला मिळमिळीत वाटू लागते का? ‘आपल्यावर अन्याय होतोय आणि तुम्ही सगळे षंढ आहात’ अशी भाषा येते का? नवा कोणीतरी ‘भाई’ भेटलाय आणि तो म्हणेल ते प्रमाण, असं झालंय का? एका समाजाचं नाव निघालं की चेहरा बदलतो का?

माझी बहीण बोरिवलीत राहते. तिचा मुलगा बी.कॉम. झाला, दोन नोकऱ्या धरल्या, दोन्ही सुटल्या. गेल्या वर्षी त्याने घरच्या ग्रुपवर एका मिरवणुकीतला फोटो टाकला. भगवं उपरणं, डोळ्यांवर गॉगल, हातात तलवार. खाली एक ओळ होती, ती मी इथे लिहीत नाही. मी काय उत्तर दिलं? अंगठा दाखवला. बहिणीने फोन करून विचारलं, “दादा, हा रात्री तीन-तीनपर्यंत कसले व्हिडिओ बघतो रे? आमच्याशी बोलतच नाही. तू बोलशील का?” मी म्हणालो, “अगं, तरुण रक्त आहे. उतरेल.” दोन दिवसांनी मी मालवणीत यादी वाचून दाखवत होतो.

यादीतलं एकही कलम त्याला लागू नव्हतं असं नाही. सगळी लागू होती. तरी मला तो दिसला नाही, कारण यादी कोणाच्या पोरासाठी आहे हे मी ती लिहितानाच ठरवून टाकलं होतं.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांवर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या झाडणारे कुठून आले होते? १० मे २०२४ ला ज्या दोघांना जन्मठेप झाली ते तेव्हाच्या औरंगाबादकडचे, आपल्यासारख्याच मराठी घरांतले तरुण. त्यांनाही कोणी तरी कधीतरी पहिल्यांदा सांगितलं असेल की धर्म धोक्यात आहे आणि बाकीचे झोपले आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये एटीएसने नालासोपाऱ्यात गावठी बॉम्ब आणि स्फोटकं पकडली. बोरिवलीहून विरार लोकलने नालासोपारा किती लांब आहे? त्या वेळी मी समितीत सुचवलं का, की आपण नालासोपाऱ्यात, बोरिवलीत, मुलुंडला पालकांची बैठक घेऊ या? मला सुचलंही नाही. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाचा एक अधिकारी आणि तीन मुसलमान प्रवासी गोळ्या लागून मेले. आरोप त्याच दलाच्या जवानावर आहे. मीरा रोड आणि दहिसरच्या मध्ये गाडी थांबली आणि तो पकडला गेला, म्हणजे माझ्या घरापासून दोन स्टेशनं पलीकडे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपर्यंत एकमत झालं की त्याची तब्येत बिघडलेली होती. असेलही, ते न्यायालय ठरवेल. पण त्याने प्रवासी कसे निवडले, हे तिथे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मीच तर रोज सकाळी त्या ग्रुपवर सुविचार टाकतो.

इथे मला एक शंका येते आणि ती मी सोडू शकत नाही. ‘आपल्याकडेही आहेत, त्यांच्याकडेही आहेत’ असं म्हणून मी सुटायचा नवा रस्ता तर शोधत नाही ना? दोन्ही पारडी सारखी करून टाकली की माणूस निर्धास्त होतो. कोणाचं किती, कोणाच्या हातात पोलीस, कोणाच्या हातात नुसती भीती, हे मग बघावं लागत नाही. आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी एका मुसलमान कुटुंबाने फ्लॅटचा व्यवहार ठरवला होता. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. नकार मी दिला नाही. कागद अपुरे आहेत, पुढच्या मीटिंगला ठेवू, अमुक दाखला आणा, असं करत राहिलो. ते कंटाळले आणि मीरा रोडला गेले. गृहस्थ औषध कंपनीत होते, शेवटच्या वेळी आले तेव्हा फाइल बंद करून म्हणाले, “काही हरकत नाही, काका.” माझ्या पेन्सिलच्या खुणा त्या अर्जावर अजून असतील.

त्या घरातला मुलगा उद्या बॉम्ब ठेवेल का? नाही. असं म्हणणं म्हणजे त्यांचा दुसऱ्यांदा अपमान. या शहरात कित्येक माणसांना दारातून परत पाठवलं जातं आणि ती दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामाला जातात. अपमानातून थेट हिंसा येते, हा हिशेब मी भाषणात मांडत आलो. सोपा आहे, टाळ्या मिळतात. पण तो चूक आहे असं आता वाटतं. अपमान तर अनेकांचा होतो. हिंसेकडे जाणारा विरळा. मधे काहीतरी घडतं. कोणीतरी येतो, ऐकून घेतो, सगळ्या गोष्टींचं एकच कारण दाखवतो आणि त्याला एकच गुन्हेगार दाखवतो. मग ज्याला दहा गोष्टींचं उत्तर माहीत नव्हतं त्याला सगळं माहीत होतं. तो आनंद मला परका आहे का? २१ जुलैच्या सकाळी मला एका क्षणात सगळं माहीत होतं.

मालवणीतल्या त्याच बैठकीत एका आईने मला विचारलं होतं, “साहेब, पोरगा चुकतोय असं वाटलं तर सांगायचं कोणाला? तुम्हाला सांगितलं तर तुम्ही कोणाला सांगाल?” मी पत्रकावरच्या नंबरकडे बोट दाखवलं. तिने पत्रक घेतलं, चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवलं. तिला उत्तर मिळालेलं नाही हे आम्हा दोघांनाही कळलं. तिच्या मनात काय होतं ते समजायला घाटकोपरपर्यंत जावं लागतं. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. त्या तपासात परभणीचा ख्वाजा युनूस नावाचा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, तो पळाला. पुढे त्याच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल पोलिसांवरच खटला उभा राहिला आणि वीस वर्षांनंतरही तो रेंगाळतच राहिला. स्फोटाच्या खटल्यातले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. म्हणजे बसमधली माणसं कोणी मारली तेही कळलं नाही, आणि एका आईचा मुलगाही परत आला नाही. हे मालवणीत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या पत्रकावर नाही.

पोर चुकतंय हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? पोलिसांना नाही. आईला, बहिणीला, कट्ट्यावरच्या एखाद्या दोस्ताला. ती माणसं तोंड उघडतील कधी? पोराचं वाटोळं होणार नाही असा भरवसा असेल तेव्हाच. मी माझ्या भाच्याबद्दल कोणाला सांगितलं? त्याच्या आईनेच मला विचारलं तर तिलाही गप्प केलं. त्याच्या नावाला धक्का लागू नये म्हणून. मग मालवणीतल्या त्या आईकडून मी कुठल्या तोंडाने धैर्य मागत होतो?

सुरेश खोपडे यांचं ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक माझ्या कपाटात बरीच वर्षं आहे. भाषणात मी त्याचा उल्लेख करतो. या पावसाळ्यात ते पुन्हा नीट वाचलं. १९७० आणि १९८४ मध्ये भिवंडी पेटली होती. १९८८ नंतर तिथले पोलीस उपायुक्त म्हणून खोपड्यांनी मोहल्ला-मोहल्ल्यात कमिट्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवलं, यंत्रमागवाला, दुकानदार, शिक्षक, घरातल्या बायका अशी साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची, आणि बीटवरच्या शिपायाला त्यांच्याबरोबर बसवलं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईत नंतर, १९९४ मध्ये, ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीचं काम सुरू केलं. हे सगळं मला आधीही माहीत होतं. या वेळी जे नजरेत भरलं ते एवढंच, की भिवंडीतल्या त्या बैठकांत भाषणं नव्हती. गटार, भांडण, लाउडस्पीकर, कोणाची बकरी कोणाच्या दारात, हेच विषय. माणसं एकमेकांना ओळखत होती म्हणून अफवा आली तेव्हा शेजाऱ्याला विचारता आलं. आणि दुसरं, कमिट्या दोन्ही बाजूंच्या होत्या. एकाच मोहल्ल्याला सुधारायला कोणी गेलं नव्हतं.

शेवटी मी बहिणीकडे गेलो. भाच्याला म्हणालो, चल, जरा गोराईच्या खाडीपर्यंत जाऊन येऊ. तिथे जेट्टीच्या कठड्यावर बसलो. मी मनाशी मुद्दे काढून नेले होते. त्याने पहिल्याच वाक्यात ते खोडले. म्हणाला, “मामा, बाबांना अॅटॅक आला तेव्हा रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये बेड मिळत नव्हता. मंडळाचा दादा आला, फोन केले, बेड मिळवला, सकाळपर्यंत बसून राहिला. तुमचा फोन बंद होता. तुम्ही त्या लोकांकडे जाऊन चहा पिता, बोलता, त्यांच्या पोरांची चौकशी करता. माझ्याकडे कधी आलात?”

मला बोलता येईना. रात्री फोन बंद ठेवून झोपायची मला सवय आहे. तो दादा वाईट माणूस आहे का? त्या रात्री तर माझ्याहून चांगला होता. आणि तोच दादा त्याला ते व्हिडिओ पाठवतो. दोन्ही खरं आहे. आम्ही कट्टरतेबद्दल बोलतो तेव्हा तिचा विचार काय आहे हे सांगतो. ती रात्री दोनला हजर असते, हे सांगत नाही. कल्याणच्या मुलांशीही कोणीतरी रात्र रात्र बोलत असणार. घरचे झोपलेले असताना.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “२००६ ला तुमच्या गाडीतली माणसं मेली ना? मग त्यांचं काय?” मी म्हणालो, “त्यांना कोणी मारलं मला माहीत नाही. मालेगावातल्या सहा जणांना कोणी मारलं, तेही माहीत नाही.” हे वाक्य पूर्ण करताना जीव जड झाला. एकोणीस वर्षं जे माहीत आहे असं धरून चाललो ते हातातून सोडावं लागत होतं. तो म्हणाला, “हे काय उत्तर झालं?” माझ्याकडे दुसरं नव्हतं. अजूनही नाही. पण न कळलेली गोष्ट न कळलेली म्हणून मनात ठेवणं, आणि तरी मेलेल्यांना न विसरणं, इतकं जमलं तर बहुधा मला तलवारीच्या फोटोला अंगठा दाखवावा लागणार नाही.

तो बदलला का? नाही. मंडळ त्याने सोडलेलं नाही, आणि मी सोड म्हणालोही नाही. एक व्हिडिओ त्याने काढून टाकला, दुसरा ठेवला. आता रविवारी सकाळी येतो कधी कधी. नोकरीचं बोलतो, वडिलांच्या गोळ्यांचं बोलतो. तिसऱ्याच कशावरून तरी आमचं भांडण होतं. माझा फोन रात्री चालू असतो.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी माझं सांगितलं. दोन्ही निकालांचं, सोसायटीच्या अर्जाचं, भाच्याचं. सरांनी ऐकून घेतलं, शाबासकी दिली नाही. त्यांनी विचारलं, “मग आता मालवणीतली बैठक बंद करायची?” मी म्हणालो, “नाही. पण ती एकटी नको. तीच यादी बोरिवलीला, मुलुंडला, विलेपार्ल्यालाही वाचायची. आणि तिथल्या आयांना मालवणीत न्यायचं, मालवणीतल्यांना इकडे आणायचं.” बराच वाद झाला. एक जण म्हणाले, आपल्या सोसायट्यांत लोक दार उघडणार नाहीत. खरंच दोन सोसायट्यांनी पत्र परत पाठवलं आहे. आमच्याकडे तसला प्रश्न नाही, असं त्यावर लिहिलेलं आहे. माझ्या सोसायटीला पत्र लिहायला मला वेळ लागला, पण लिहिलं.

तुम्ही बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडमध्ये कुठे राहत असाल, आणि तुमच्या घरातही एखादं पोर रात्री तीनपर्यंत फोनच्या उजेडात जागत असेल, मग ते कुठल्याही घोषणेचं असो, तर आम्हाला बोलवा. सोसायटीचं ऑफिस, गच्ची, मंडळाची खोली, मशिदीबाहेरचं अंगण, कुठेही चालेल. सर येतील, मी येईन, मालवणीतली ती आई येईल म्हणाली आहे. भाषण करणार नाही. आधी आमचं आम्ही सांगू, मग वाटलं तर तुम्ही बोला.